पालकांचे प्रगतिपुस्तक

जून उजाडला की आपल्या धर्मग्रामात दोन कामांची लगबग सुरू होते, भातपेरणीची आणि शाळेची. भातशेती आता मोजक्याच घरांत उरली आहे. शाळा मात्र घरोघरी आहे. वह्यांना खाकी कव्हरे घातली जातात, रेनकोट मागच्या वर्षीचाच चालेल की नवा घ्यावा यावर चर्चा झडतात आणि पहिल्या आठवड्यातच कॅलेंडरमध्ये लाल शाईचा पहिला शेरा येतो. त्या शेऱ्याखाली पालकांची सही लागते. ती सही म्हणजे पालकांनी शेरा वाचल्याची पोच. पण शेरा मुलावर असतो की पालकांवर, हे ठरविणे कधी कधी कठीण जाते. ‘मुलाचे नख वाढलेले आहे’, ‘मुलगी उशिरा येते’, ‘गृहपाठावर लक्ष द्यावे’. सहा वर्षांचे मूल स्वतःची नखे कापत नाही आणि गजरही लावत नाही.

गेल्या महिन्यात पत्रिकेच्या कामासाठी आम्ही चौघे रविवारच्या मिस्सानंतर बसलो असताना हाच विषय निघाला. आमच्यात दोघे निवृत्त शिक्षक, एक परिचारिका आणि एक शाळकरी मुलांचे वडील. त्या वडिलांनीच विषय काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते: मुलांना मार्क मिळतात, शिक्षकांचे मूल्यमापन होते, शाळांची तपासणी होते, मग आईबापांनाच सूट का? मुलाच्या प्रगतिपुस्तकात पालकांसाठीही एक रकाना असावा. शाळेने वर्षाअखेर सांगावे की बाबांनो, तुम्ही पास की नापास! आम्ही आधी हसलो. नंतर लक्षात आले की ते गंमत करीत नव्हते.

ही कल्पना त्यांना नवी वाटली तरी ती जुनी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०११ साली नेमके हेच घडू पाहत होते. केली स्टारगेल नावाच्या लोकप्रतिनिधींनी तेथील विधिमंडळात एक विधेयक मांडले. सरकारी शाळेत बालवर्गापासून तिसरीपर्यंत शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना शिक्षकांनी श्रेणी द्यावी, असा त्याचा आशय होता. श्रेणी तीन: समाधानकारक, सुधारणेची गरज आणि असमाधानकारक. मूल वेळेवर आणि नियमित येते का, रात्रीची पुरेशी झोप आणि पोटात अन्न घेऊन येते का, गृहपाठ व परीक्षेची तयारी झालेली असते का, शिक्षकांनी बोलाविले तर पालक प्रतिसाद देतात का, अशा गोष्टी पाहावयाच्या आणि ती श्रेणी मुलाच्या प्रगतिपुस्तकावरच छापावयाची.

हे विधेयक कोणाच्या तरी डोक्यात अचानक आले असे समजू नये. त्यामागे एक साखळी होती. फ्लोरिडात १९९९ पासून सरकारी शाळांना ‘ए’ ते ‘एफ’ अशी अक्षरे दिली जात होती, जणू शाळाच परीक्षेला बसली आहे. २०११ च्या मार्च महिन्यात शिक्षकांचा पगार मुलांच्या परीक्षेतील प्रगतीशी जोडणारा कायदा तेथे झाला. मुले मोजली गेली, शाळा मोजल्या गेल्या, शिक्षक मोजले गेले. साखळीतील एकच कडी मोजावयाची राहिली होती, ती म्हणजे घर. शिक्षकांच्या बाजूने पाहिले तर त्यात तथ्यही होते. मूल उपाशीपोटी, डोळे चोळत वर्गात आले आणि त्याला वाचता आले नाही, तर पगार शिक्षकाचा का कापावा? आमच्यातील दोघा शिक्षकांना हा मुद्दा मनापासून पटला. विधेयक मात्र कायदा होऊ शकले नाही.

घराचा वाटा मोठा असतो, हे सांगायला फ्लोरिडाचे विधिमंडळ लागत नाही. १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकन सरकारसाठी एक प्रचंड पाहणी केली. त्यात सुमारे ४,००० सरकारी शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. शाळेच्या इमारती, प्रयोगशाळा, पुस्तके यांतील फरकापेक्षा मुलाच्या घरची परिस्थिती त्याच्या यशाशी अधिक जवळून निगडित आहे, असे त्यातून दिसले. अनेकांना हे आवडले नाही, कारण मग शाळेवर पैसा कशाला खर्चावा असा अर्थ कोणीही काढू शकत होते. पण आम्हाला येथे दुसरीच गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. कोलमनने ‘घरची परिस्थिती’ म्हणून जे मोजले त्यात आईवडिलांचे शिक्षण, घरातील पुस्तके व वस्तू, कुटुंबाची स्थिती अशा गोष्टी होत्या. म्हणजे त्यातील पुष्कळसे पालकांच्या चांगुलपणाविषयी नव्हतेच. ते त्यांच्या परिस्थितीविषयी होते. पालकाला श्रेणी देताना आपण नेमके काय मोजणार, त्याची माया की त्याची ड्युटी?

आमच्यापैकी ज्या बाईंनी ३० वर्षांहून अधिक काळ प्राथमिक वर्गांना शिकविले, त्यांनी येथे एक आठवण सांगितली. त्या तेव्हा ज्या शाळेत होत्या तेथे एका वर्षी पालकांचे रजिस्टर ठेवण्याचा हुकूम निघाला. पालक सभेला जे येणार नाहीत त्यांच्या नावापुढे लाल टिंब. आणि सोमवारी वर्गात त्या टिंबांची मुले उभी करावयाची. एका मुलाच्या नावापुढे सलग पाच टिंबे झाली. मुलगा गणितात हुशार, पण डबा कसाबसा भरलेला, शर्टाला इस्त्री नाही. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या आईविषयी जे बोलले जायचे ते येथे लिहिण्यासारखे नाही. बाईही त्यात सामील होत्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले.

सहाव्या सभेनंतर त्या घरी गेल्या. आई मोगरा घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरला जाई आणि अकरापर्यंत परते. सभा शनिवारी दहाला. वडील कारखान्यात पाळीवर. डबा तो मुलगा स्वतः भरी. आणि गणित? घरात एक आजी होती, अंगठाबहाद्दर. तिला पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. संध्याकाळी नातवाला पुढ्यात बसवून ती ते घोकून घेई. रजिस्टरात आजीसाठी रकाना नव्हता. बाई म्हणाल्या, “त्या दिवशी मला कोणी मार्क दिले असते तर मी नापास झाले असते.” त्या मुलाला पाच सोमवार वर्गात उभे राहावे लागले ते मात्र भरून येत नाही.

हे ऐकून आमचे ते मित्र लगेच म्हणाले, की ही जुनी गोष्ट झाली, आता फोन आहेत, व्हॉट्सॲप आहे. खरे आहे. पण आजही आपल्या धर्मग्रामात किती वडील जहाजावर आहेत, किती आखातात आहेत, किती आया रात्रपाळी करून सकाळी घरी येतात हे मोजून पाहावे. आमच्यातील परिचारिका बहिणीने सांगितले, की त्यांच्या मुलाच्या ओपन डेला त्या दोनदा रात्रपाळीनंतर गणवेशातच गेल्या आणि खुर्चीत डोळा लागला. शिक्षकांनी ते पाहिले. त्यांनी काय मत बनविले असेल?

परंतु त्याच बाईंनी सांगितलेली दुसरी आठवण आम्हाला अधिक बेचैन करून गेली. त्याच शाळेत एक वडील होते ज्यांना कोणीही पैकीच्या पैकी मार्क दिले असते. प्रत्येक सभेला हजर. कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर सही. शाळेला पंखा भेट दिलेला, त्यावर नाव. मुलाचा गृहपाठ कधी अपुरा नाही, बूट आरशासारखे. एकदा खेळाच्या तासाला ड्रिलच्या सरांना मुलाच्या पाठीवर वळ दिसले. मुलगा म्हणाला, पडलो. सरांनी बाईंना सांगितले, बाईंनी वरिष्ठांना. वरिष्ठ म्हणाले, तसे वडील नाहीत ते. आणि विषय संपला. पुढच्या वर्षी त्या मुलाचे नाव शाळेतून काढून नेले. पुढे काय झाले ते कोणालाच ठाऊक नाही.

आमच्या मते सगळा प्रश्न ह्या दोन मुलांमध्ये आहे. रजिस्टर दोघांच्याही बाबतीत चुकले. गरीब आईला त्याने दोषी ठरविले आणि मारकुट्या बापाला प्रमाणपत्र दिले. त्यात शिक्षकांचा दुष्टपणा नव्हता. शाळेच्या दारातून जे दिसते तेच शाळा मोजू शकते, आणि दारातून दिसतात ते बूट, डबा, सही आणि हजेरी. जो पालक शाळेची भाषा बोलतो, शाळेच्या वेळेत मोकळा असतो, तो तेथे नेहमीच चांगला दिसणार.

एक गंमत मनात आली ती सांगतो. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमच्या सणाहून परतताना मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले तरी मुलगा सोबत नाही हे त्यांना कळले नव्हते. नातेवाइकांत असेल असे ते समजले. तीन दिवसांनी तो मंदिरात सापडला. त्या वर्षी नासरेथच्या एखाद्या शिक्षकाकडे फ्लोरिडाचा तक्ता असता, तर पवित्र कुटुंबाला ‘सुधारणेची गरज’ हा शेरा ठरलेलाच होता!

मग शाळेने घराकडे पाहूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही, आणि पाठीवरच्या वळांची गोष्ट ऐकल्यानंतर तर मुळीच म्हणवत नाही. मुलाचे काय होते आहे ते पाहणे हे शाळेचे काम आहेच. आज कायदाही तसे सांगतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे, न कळविणे हा गुन्हा आहे. शिक्षकही त्यातून सुटत नाहीत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला क्रूर वागणूक देणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे आणि अशा मुलांसाठी जिल्ह्यात बाल कल्याण समिती आहे. १०९८ हा क्रमांक मुलेही फिरवू शकतात. तेव्हा ‘तसे वडील नाहीत ते’ असे म्हणून आज कोणाला हात झटकता येऊ नयेत.

पण वळ पाहून योग्य माणसाला कळविणे आणि पालकाला वर्षाअखेर श्रेणी देणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात एका मुलाची चिंता आहे, काहीतरी पाहिलेले आहे आणि मदत करू शकेल अशा कोणाला तरी ते सांगितलेले आहे. दुसऱ्यात सगळेच पालक संशयित आहेत. वळ कळविल्यावर पुढे काही करावे लागते. श्रेणी दिली की काम संपते.

स्कॉटलंडमध्ये ह्या दोहोंच्या मधला एक मार्ग काढण्याचा प्रयत्न झाला होता. २०१४ च्या कायद्याने तेथे १८ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे एक ‘नेमलेली व्यक्ती’ असावी असे ठरले. लहानपणी आरोग्यसेविका, शाळेत गेल्यावर बहुधा मुख्याध्यापक किंवा वरिष्ठ शिक्षक. मूल सुरक्षित आहे का, निरोगी आहे का, त्याचे नीट संगोपन होते का, असे निकष लावून तिने लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास इतर खात्यांना माहिती द्यावी. हेतू वाईट नव्हता. कोणाच्याच नजरेस न पडता हाल सोसणारी मुले वाचावीत हीच त्यामागची कळकळ होती. पण काही पालक आणि संस्था न्यायालयात गेल्या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जुलैमध्ये निकाल दिला: हेतू योग्य आहे, परंतु कुटुंबाची खाजगी माहिती एकमेकांना देण्याची जी मोकळीक ह्या कायद्यात आहे ती कुटुंबाच्या खाजगी जीवनाच्या हक्काशी विसंगत आहे. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारने ती योजना सोडून दिली. आपल्याकडे अनेकांना नॉर्वेतील भारतीय जोडप्याची गोष्ट आठवत असेल. २०११ साली त्यांची दोन लहान मुले तेथील बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली होती. हाताने भरविणे आणि मुलाला जवळ घेऊन झोपणे यांवर आक्षेप घेतला गेल्याचे तेव्हा वर्तमानपत्रांत आले, खात्याने ते कारण असल्याचे नाकारले. खरे खोटे काहीही असो, ती बातमी वाचून आपल्या वाड्यांतील प्रत्येक आईने स्वतःच्या हाताकडे पाहिले असेल.

ख्रिस्तसभेची याविषयीची भूमिका स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक मानले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबावरील आपल्या पत्रात तेच अधिक ठामपणे मांडले: हा हक्क आणि हे कर्तव्य पालकांकडून कोणी काढून घेऊ शकत नाही आणि त्यांनीही ते कोणावर पूर्णपणे सोपवू नये. शासन आणि शाळा त्यांना साहाय्य करतात. अमेरिकेतच १९२५ साली सिस्टरांच्या एका संस्थेने ऑरेगन राज्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता. सर्व मुलांना सरकारी शाळेतच घातले पाहिजे असा कायदा त्या राज्याने केला होता. मूल ही शासनाची निर्मिती नाही, अशा आशयाचा तो निकाल आजही सांगितला जातो.

एवढे सांगून आपण मोकळे झालो तर बरे, पण आपल्या स्वतःच्या अंगणातही थोडे पाहावे लागेल. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून, त्यात आपल्याही आल्या, एके काळी मुलाला प्रवेश देण्याआधी आईवडिलांची मुलाखत होत असे. आईला इंग्रजी बोलता येते का, वडील काय करतात. फ्लोरिडाने नुसता विचार केला, आपण ते करून दाखविले! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावण्यास मनाई केली. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. याचा अर्थ आपल्या शाळांनी चाळणी लावावी असा नाही. कायद्याने सांगितले नाही तर आपण काय करतो, हा प्रश्न मात्र उरतो.

त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी असे म्हटले आहे. शिक्षकाने पालकांना मुलाविषयी सांगावयाचे. पालकांविषयी मत नोंदविण्याचे काम त्या कलमाने त्यांच्यावर टाकलेले नाही. आणि सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे २१ वे कलम म्हणते, म्हणजे पाहणारे डोळे येथे पालकांचे आहेत.

आमच्या मित्रांचे समाधान अजून झाले नव्हते. ते म्हणाले, असे आईबाप आहेतच ना, जे मुलाच्या हातात मोबाइल देतात आणि आपण टीव्हीपुढे बसतात. आहेत. आम्ही सगळे त्यांना ओळखतो, कधी कधी ते आम्हीच असतो. पण श्रेणी छापल्याने कोण घाबरेल? जी आई आधीच रात्र रात्र काळजी करते तीच. ज्याला फिकीर नाही तो पान उलटून सही करील. शिवाय प्रगतिपुस्तक घरी कोण नेणार? आठ वर्षांचे मूल. ‘वडील: असमाधानकारक’ असे लिहिलेला कागद दप्तरातून नेणाऱ्या मुलाकडून आपण चौथ्या आज्ञेची अपेक्षा कशी करावयाची? एक तर ते मार खाईल, नाही तर खोटी सही करायला शिकेल, नाही तर एक दिवस बापाला तोंडावर म्हणेल, तुम्ही तर नापास आहात. शाळेने मुलाच्या हाती ह्यातले काहीही देऊ नये.

कोलमनकडे शेवटी पुन्हा जावेसे वाटते, कारण त्याचे काम १९६६ ला थांबले नाही. १९८० च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॅथलिक हायस्कुले तपासली. त्यांतून शाळा अर्धवट सोडणारी मुले कमी होती. त्याने दिलेले एक कारण असे: ह्या मुलांचे आईवडील एकमेकांना ओळखतात. ते एकाच चर्चमध्ये जातात, एकमेकांच्या मुलांना नावाने हाक मारतात. मूल शाळा बुडवून नाक्यावर उभे असेल तर घरी कळण्याआधी ते चार आयांना कळलेले असते. फुलवाल्या आईचा मुलगा डबा स्वतः भरतो हे शाळेला सहा सभा कळले नाही. पण त्याच वाडीतल्या दोन शेजारणींना ते माहीत होते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आणि पाठीवर वळ असलेल्या मुलाच्या घराशेजारी कोणी राहत नव्हते असे थोडेच आहे? ओळखणाऱ्यांनी पाहूनही गप्प राहायचे ठरविले तर ओळखीचा उपयोग नाही. हा प्रश्न शाळेपेक्षा आपल्यालाच अधिक लागू होतो, हे लिहिताना आम्हाला बरे वाटत नाही.

बैठक संपता संपता एक ठरले आणि फादरांनीही ते मान्य केले. यंदाची पहिली पालक सभा शनिवारी सकाळी न घेता रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर घ्यावी, अशी विनंती मुख्याध्यापक सिस्टरांना करावयाची. सोबत घरोघरी एक छोटा कागद द्यावयाचा. आमच्या मित्रांनी त्यासाठी प्रश्नांची लांबलचक यादी करून आणली होती: मुलाचा अभ्यास कोण घेतो, टीव्ही किती तास, झोपण्याची वेळ काय. बाईंनी ती शांतपणे वाचली, घडी करून त्यांच्याच खिशात ठेवली आणि कागदावर एकच ओळ लिहिली: आपल्याला कोणत्या दिवशी, किती वाजता येणे जमेल? आजी-आजोबा आले तरी चालेल.

कागद पुढच्या रविवारी चर्चच्या दाराशी मिळतील. भरून शाळेच्या कचेरीत किंवा पत्रिकेच्या पेटीत टाकावेत.